आज पाणी सोडलेलं नाही

तिकीटखिडकीतला माणूस आधी तिकीट फाडतो,
पैसे मोजून गल्ल्यात टाकतो,
आणि मग सांगतो:
आज पाणी सोडलेलं नाही.

त्याच्या घड्याळात साडेतीन, माझ्या घड्याळात साडेनऊ.
इथिओपियात दिवस उजाडल्यापासून तास मोजतात,
सालही आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे.
"म्हणजे इथे येऊन तुम्ही तरुण झालात," तिलाहुन म्हणतो.
गाइडचा हा विनोद रोजचाच असणार,
तरी मी हसते. तिकिटात तेही धरलेलं असावं.

दगडी पुलावर गाढवं समोरून येतात,
पाठीवर पेंढा, पेंढ्यावर पोरगं,
त्यांना वाट देत मी कठड्याला चिकटून उभी.
खाली घळीत नील नदी
अंग चोरून चाललेली,
लग्नघरातून न जेवता निघालेल्या बाईसारखी.

बिर्तुकान मागे मागे येते. नऊ-दहा वर्षांची.
नावाचा अर्थ संत्रं.
हातात कवड्या लावलेलं भोपळ्याचं तुंबडं.
किंमत सांगत नाही, घ्या म्हणत नाही,
फक्त चढावर थांबते,
मला दम लागलाय हे मला कळायच्या आत.

मग वळण, आणि समोर काळा कडा.
एवढा, तिलाहुन दोन्ही हात पसरतो,
हात पुरत नाहीत म्हणून चार पावलं मागे जातो.
एवढ्या कड्याच्या एका कोपऱ्यात
पाण्याची एक धार,
कुणी नळ नीट बंद करायला विसरावं तशी.

बाकीचं पाणी वरच्या अंगाला कालव्यात,
कालव्यातून पाइपात, पाइपातून पात्यांवर,
तिथून पुढे तारांत.
तारा आमच्या डोक्यावरून शहराकडे जातात.
त्यांच्यावर एक पक्षी बसलाय, शेपटी हलवत.

वर्कनेशच्या टपरीत जमिनीवर ओलं गवत अंथरलेलं.
ती बिया भाजते, धूर माझ्याकडे हाताने वारते,
आणि बोलते इतक्या मोठ्यानं
की मला वाटतं पैशांवरून काही बिनसलं.
"नाही नाही," तिलाहुन म्हणतो, तोही ओरडूनच,
"ती साखर किती विचारतेय."

तीस अबाय. गावाच्या नावातच धूर आहे, पाण्याचा.
या गावात जन्मलेल्या प्रत्येकानं
पहिला शब्द धबधब्यावर आवाज चढवून उच्चारला.
पाणी पहिल्यांदा बंद केलं ती रात्र वर्कनेशला आठवते:
सगळं गाव एकदम जागं झालं.
शांततेनं.
तान्ही पोरं रडायला लागली, कुत्री दाराशी आली,
सासूनं अंधारात तिचं मनगट धरून विचारलं,
"मी मेले का गं?"

पुढे सवय झाली, वर्कनेश सांगते.
झोपेची झाली. गळ्याची नाही झाली.
परगावहून आलेली सून पहिलं वर्षभर रडली,
हे लोक सारखे माझ्यावर रागावतात म्हणून.
आता तीही ओरडते.

कॉफी तीनदा येते, एकाच बुकण्याची,
दर खेपेला पातळ. तिसरीचं नाव बरका.
आमच्याकडे बरकत म्हणतात, मी सांगते.
वर्कनेश कानाला हात लावते: काय?

निघताना तिलाहुन खिशातून एक कार्ड काढतो.
प्लास्टिकमध्ये घातलेलं, कोपऱ्यात पिवळं पडलेलं.
त्यात धबधबा, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
हात लांब करून ते समोर धरतो,
एक डोळा मिटतो, जरा डावीकडे, जरा खाली,
कड्याला कडा जुळवतो.
"हं. काढा फोटो."
मी काढते.

रात्री बहिर दारच्या हॉटेलात बटण दाबते.
दिवा लागतो. काही आवाज होत नाही.

फोटोत कार्ड तिरकं आलंय,
तिलाहुनचा अंगठा पाण्याच्या मधोमध, नख फुटकं,
आणि खालच्या कडेला बिर्तुकान, अर्धीच,
जिला मी परतताना पुलावर म्हणाले होते, नको गं, बॅगेत जागा नाही.
ती दोन हातांवर उभी होती.
मी केवढ्यानं ओरडले.